राऊंडला जे विचारलं जातं, तेच शिकलं जातं

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका शिकवणाऱ्या हॉस्पिटलात मेडिसिनचा वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरबाईंचं हे पत्र आहे. त्यांच्या हाताखाली इंटर्न आणि रेसिडेंट मिळून दहा-बारा तरुण डॉक्टर आहेत. त्या लिहितात, “वॉर्डातले निम्म्याहून जास्त पेशंट सत्तरीच्या पुढचे, पण पोरांचं लक्ष त्यांच्यावर नसतं. ‘आजोबा स्टेबल’ म्हणायचं आणि पुढच्या कॉटकडे वळायचं. मागच्या महिन्यात ऐंशीच्या घरातले एक शेतकरी न्यूमोनियासाठी दाखल झाले. तिसऱ्या रात्री त्यांनी सलाईन उपसलं आणि ‘बैलं सुटली, मला जाऊ द्या’ म्हणून उठायला लागले. ड्युटीवरच्या रेसिडेंटनं त्यांचे दोन्ही हात बँडेजनं कॉटला बांधायला लावले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. सकाळी मी पोटावर हात ठेवला, तर लघवी तुंबून फुगवटा बेंबीपर्यंत आलेला. आदल्या संध्याकाळी खाज येते म्हणून एव्हिलचं इंजेक्शन दिलेलं होतं. मी त्या मुलाला सगळ्यांसमोर झापलं. तो म्हणाला, ‘मॅडम, म्हातारे आहेत, वात झाला होता.’ आजोबा वाचले, पण चालत आलेला माणूस स्ट्रेचरवरून घरी गेला. या पिढीच्या घरात आजी-आजोबाच नाहीत, यांना संवेदना कुठून येणार? त्याला मेमो द्यावा का? बाहेरून तज्ज्ञ बोलावून एक दिवसाची कार्यशाळा घ्यायला व्यवस्थापनानं पैसे मंजूर केलेत, त्यानं काही बदलेल का? की वृद्धांचा स्वतंत्र विभाग निघेपर्यंत हे असंच चालायचं? मला आता शिकवण्यातूनच बाहेर पडावंसं वाटतंय.”

प्रिय डॉक्टर,

‘सकाळी मी पोटावर हात ठेवला’ हे तुमचं वाक्य मी दोन-तीनदा वाचलं. म्हाताऱ्या माणसाचं डोकं एका रात्रीत फिरलं, तर आधी लघवी तुंबलीय का, संडास किती दिवस झाली नाही, साखर किती, ऑक्सिजन किती, कालपासून कोणतं नवं औषध सुरू झालं, हे बघायचं असतं. तुमच्या हाताला हे इतकं सवयीचं झालंय, की तुम्ही ते एका वाक्यात लिहून पुढे गेलात. त्या मुलाला हे कुणी, कुठल्या कॉटजवळ, कधी करून दाखवलं होतं का? टोमणा म्हणून विचारत नाही. कारण त्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर तुमच्या पत्रातले पुढचे सगळे प्रश्न बदलतात.

या पिढीच्या घरात आजी-आजोबा नाहीत, म्हणून संवेदना नाही, हे मला पटत नाही. मी याच भागात बरीच वर्षं मेडिसिन शिकवलं. आजीनं वाढवलेली, आजीच्या आजारपणासाठी परीक्षेच्या तोंडावर रात्रीच्या एसटीनं गावी पळणारी कितीतरी मुलंमुली माझ्या वॉर्डात होती. आजीवर जीव असणं वेगळं आणि आजीची तुंबलेली लघवी ओळखता येणं वेगळं. पहिलं घरी मिळतं. दुसरं वॉर्डातच मिळायला हवं, आणि ते द्यायचं काम आपलं आहे. ‘यांच्यात माणुसकीच नाही’ असं एकदा ठरवलं की शिकवण्यासारखं काही उरत नाही. तुमचा थकवा मला तिथूनच आलेला दिसतो.

आता तुमचा रोजचा राऊंड डोळ्यांसमोर आणा. कॉटजवळ पोचल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो? क्रिएटिनिन किती, सोडियम किती, एक्स-रे काय म्हणतो, अँटिबायोटिकचा कितवा दिवस. पोरांना हे तोंडपाठ असतं, कारण उत्तर आलं नाही तर चारचौघांत पाणउतारा होतो. काका काल स्वतःच्या पायांनी संडासला गेले का, रात्री झोप लागली का, ताटात किती उरलं, मुलीला ओळखलं का, हे किती राऊंडला विचारलं जातं? ज्युनिअर डॉक्टर पहाटे उठून लॅबमधून रिपोर्ट गोळा करतो, कारण साडेआठला तुम्ही ते विचारणार हे त्याला माहीत असतं. जे विचारलं जात नाही ते महत्त्वाचं नाही, असा निष्कर्ष कोणताही हुशार विद्यार्थी काढेल. उद्यापासून तुम्ही ‘काका काल कुठवर चालले?’ असं विचारायला लागा. आठवड्याच्या आत तो तुम्ही न विचारता सांगायला लागेल.

स्वतंत्र विभागाचं म्हणाल, तर तो जरूर असावा. चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांसाठी काम सुरू केलं आणि या विषयातली एम.डी.ची पदवीही १९९६ साली तिथंच सुरू झाली. पण या शाखेचे डॉक्टर देशभरात अजून इतके कमी आहेत, की तुमच्या वॉर्डात उद्या कुणी येईल अशी आशा धरू नका. शिवाय विभाग निघाला तरी खुब्याचं हाड मोडलेल्या आजी ऑर्थोच्या वॉर्डात असतील आणि प्रोस्टेटचे काका सर्जरीत असतील. या विषयाची सुरुवातही विभागातून झालेली नाही. १९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलात डॉ. मार्जोरी वॉरेन यांच्याकडे शेजारच्या वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहाच्या, दवाखान्यातले ७१४ रुग्ण सोपवले गेले. बहुतेक म्हातारे, वर्षानुवर्षं अंथरुणावर पडलेले, कुणीही नीट न तपासलेले. वॉरेनबाईंनी एकेकाला तपासलं, कुणाला नक्की काय झालंय याची वेगवेगळी नोंद केली आणि उठवता येईल त्याला उठवलं. कित्येक चालायला लागले, कित्येक घरी गेले. त्यांच्याकडे नवं औषध नव्हतं आणि विभागही नव्हता. प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची बारकाईनं तपासणी करायची, एवढाच त्यांचा आग्रह होता.

मेमो देऊ नका. मेमोनं तो मुलगा एवढंच शिकेल, की हात बांधले तर केसपेपरवर लिहायचं नाही. त्याऐवजी त्याला एका दुपारी, राऊंडची गर्दी नसताना, त्या आजोबांचा केसपेपर घेऊन बसवा आणि ती रात्र तासातासानं त्याच्या तोंडून ऐका. एव्हिल कुणी लिहिलं, किती वाजता दिलं? त्यानंतर लघवी झाली का, आणि ते कुणाला माहीत होतं? आजोबा उठले तेव्हा वॉर्डात किती पेशंट होते, सिस्टर किती, वॉर्डबॉय मामा होते का? मुलगा किंवा सून जवळ होती, की पास नाही म्हणून बाहेर पायऱ्यांवर झोपली होती? आणि शेवटी, रात्री दोनला तुम्हाला फोन करायचं त्याच्या मनात आलं होतं का, आलं असेल तर त्यानं का केला नाही? या शेवटच्या उत्तरासाठी थांबा, घाई करू नका. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघतं: फोन केला तर ओरडा बसतो. ते तुमच्याही वॉर्डात निघालं, तर आधी ते बदला. म्हाताऱ्या माणसाला नव्यानं भ्रम (डेलिरियम, म्हणजे डोकं अचानक गोंधळणं) झाला, तो पडला, किंवा त्याला बांधावं असं वाटलं, तर मध्यरात्री फोन करायचाच आणि त्यावरून कुणालाही बोल लागणार नाही, हे सगळ्यांसमोर सांगा. झापणं सगळ्यांसमोर झालंय, तर हेही सगळ्यांसमोरच व्हायला हवं.

त्या रात्रीत आणखी एक गोष्ट आहे, जी सगळ्या ज्युनिअर डॉक्टरांना कळायला हवी. अंगात न्यूमोनिया, दिवसरात्र जळणारा दिवा, ओळखीचं कुणी जवळ नाही, हातात सुई, आणि वर एव्हिल. हे औषध मूत्राशयाचे स्नायू सैल पाडतं, म्हणून लघवी बाहेर ढकलली जात नाही, आणि म्हाताऱ्या मेंदूला गोंधळातही टाकतं. म्हणजे लघवी तुंबली ती औषधानं, भ्रम वाढला तो औषधानं आणि तुंबलेल्या लघवीच्या कळांनी. ‘बैलं सुटली’ म्हणणाऱ्या माणसाला बहुधा नुसतं उठून लघवीला जायचं होतं. मग हात बांधले, आणि वर झोपेचं इंजेक्शन दिलं, ज्यानं भ्रम पुष्कळदा आणखी लांबतो. ही साखळी फळ्यावर काढून दाखवा. चाळीस मिनिटांच्या लेक्चरपेक्षा हे एक उदाहरण पोरांच्या जास्त लक्षात राहील, कारण तो माणूस त्यांनी पाहिलेला आहे. सांगताना त्या मुलाचं नाव घेऊ नका. ‘आपल्या वॉर्डात असं झालं’ असं म्हणा.

आता राऊंडला काय विचारायचं? अमेरिकेत वृद्धस्नेही रुग्णसेवेसाठी चार गोष्टींची चौकट वापरतात: माणसाला स्वतःला काय हवंय, औषधं, मन आणि चालणं. चौकट चांगली आहे, पण तिचा छापील फॉर्म करू नका. फॉर्म आला की पोरं ड्युटीरूममध्ये बसून सगळ्यांवर टिक मारतात. तोंडी विचारा, आणि उत्तर कॉटजवळ करून दाखवायला लावा.

भ्रमापासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त निसटतो तो हाच. तुमचे आजोबा ओरडले म्हणून सापडले. पण कुशीवर गप्प पडून राहणाऱ्या, हाक मारली की डोळे उघडून परत मिटणाऱ्या, दोन घास खाऊन तोंड फिरवणाऱ्या आजी? त्यांच्याबद्दल राऊंडला ‘शांत आहेत, तक्रार नाही’ असं ऐकू येतं. हाही भ्रमच असतो, आणि तो ओरडणाऱ्या भ्रमापेक्षा जास्त वेळा हुकतो. ओळखायला ‘फोर ए टी’ नावाची चाचणी आहे, दोन मिनिटांच्या आत होते: माणूस किती जागा आहे, वय-जागा-साल सांगतो का, लक्ष टिकतं का, आणि हे सगळं अचानक बदललंय का. चार किंवा जास्त गुण आले तर भ्रम असण्याची शक्यता धरून कारण शोधायचं.

लक्ष तपासायला मूळ चाचणीत महिने उलटे म्हणायला लावतात. आपल्याकडच्या न शिकलेल्या आजींना डिसेंबर-नोव्हेंबर विचारून नापास करू नका. वार उलटे म्हणायला सांगा. साल विचारण्याबरोबर ‘तुमच्या गावचा बाजार कुठल्या वारी?’ हेही विचारा, आणि उत्तर बरोबर की चूक ते शेजारी बसलेल्या सुनेला विचारा. अशी जुळवाजुळव करणं अशास्त्रीय नाही. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत निरक्षर वृद्धांसाठी नव्वदच्या दशकात स्मृतीची वेगळी चाचणी बेतावी लागली होती, ती याच अडचणीमुळे.

आणि सांगली-मिरजेचा खास प्रश्न भाषेचा आहे. १८९४ साली वॉनलेस डॉक्टरांचं मिशन हॉस्पिटल सुरू झालं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. जतच्या पूर्व भागातून, अथणी-चिकोडीकडून कानडी बोलणारी म्हातारी माणसं इथं येतात, आणि तुमचे निम्मे इंटर्न लातूर, नागपूर नाहीतर परराज्यातून आलेले असतात. मग ज्या आजींना मराठी प्रश्न कळलाच नाही त्या केसपेपरवर ‘कन्फ्यूज्ड’ होतात. तुमच्या वॉर्डात कानडी येणाऱ्या एखाद्या मावशी नक्की असतील. ‘ऊटा आतेन्री?’ म्हणजे जेवण झालं का, अशी चार-पाच वाक्यं त्यांनी प्रत्येक नव्या बॅचला शिकवावीत, आणि ती शिकवणारी व्यक्ती म्हणून तुम्ही मावशींची ओळख करून द्यावी.

कमी ऐकू येणाऱ्यांची गत तीच. एक युक्ती पोरांना करून दाखवा: आपला स्टेथोस्कोप आजोबांच्या कानात घाला आणि पुढच्या चकतीजवळ हळू आवाजात बोला. जो माणूस तीन दिवस ‘प्रतिसाद देत नाही’ असं लिहिलेला होता, तो एकदम ‘काय म्हणता साहेब?’ विचारतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला इंटर्न पुढे कधीही ऐकणं तपासल्याशिवाय ‘कन्फ्यूज्ड’ लिहीत नाही. दाखल करतानाच चष्मा, कवळी, काठी आणि असेल तर कानाचं मशीन कुठंय ते विचारायचं. ‘हरवेल म्हणून घरी ठेवलंय’ असंच उत्तर येतं. ते संध्याकाळच्या डब्याबरोबर मागवायचं.

यानं खरंच फरक पडतो का, असं तुमचा एखादा रेसिडेंट विचारेल. विचारायलाच हवं. शॅरन इनोय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या हॉस्पिटलातला अभ्यास प्रसिद्ध केला. सत्तरीच्या पुढचे ८५२ रुग्ण होते. नेहमीच्या उपचारांत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला, आणि जिथं वेळ-जागेची आठवण करून देणं, औषधाविना झोप, लवकर चालवणं, चष्मा, ऐकण्याची सोय आणि वेळेवर पाणी एवढं सांभाळलं तिथं ९.९ टक्के. तिथं बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. आपल्याकडे स्वयंसेवक नसतील, पण प्रत्येक कॉटजवळ माणूस असतो. त्याला आपण ‘गर्दी करू नका’ म्हणून बाहेर काढतो. सत्तरीपुढच्या पेशंटजवळ रात्री एका ओळखीच्या माणसाला बसू द्या, आणि त्याला काय करायचं ते समजावण्याचं काम इंटर्नला द्या: दर दोन तासांनी पाणी, दिवसा जागं ठेवणं, आज कोणता वार आहे ते बोलण्यात सांगणं, रात्री दिवा मंद. जो दुसऱ्याला समजावतो त्याचं स्वतःचं पक्कं होतं.

मग पाय. ‘दाखल व्हायच्या पंधरा दिवस आधी हे काय काय करत होते?’ हा प्रश्न मी म्हाताऱ्या पेशंटच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा प्रश्न मानते. केसपेपरवर ‘बीपी, शुगर, जुना दमा’ असतं, पण हा माणूस मागच्या पंधरवड्यात पलूसच्या मळ्यात हळदीला पाणी पाजत होता हे कुठंच नसतं. ते नसेल, तर तो स्ट्रेचरवरून घरी निघाला यात काही बिघडलं असं कुणाला वाटणारच नाही. ‘वय झालं’ म्हणून सगळे मोकळे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात निरोगी वयस्क माणसांना नुसतं दहा दिवस अंथरुणावर ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस गेलं. आजार नसताना इतकं, मग न्यूमोनियात किती? म्हणून राऊंडला पेशंटला उभं करून दाखवायला सांगा. आधी झोपवून बीपी, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत. वरचा आकडा वीसनं किंवा खालचा दहानं उतरला, तर चक्कर येऊन पडण्याची भीती आहे, आणि बीपीच्या गोळ्या पुन्हा बघायला हव्यात. त्याच वेळी विचारा: या माणसाला आपण किती ठिकाणी अडकवलंय? सलाईन, ऑक्सिजनची नळी, लघवीची नळी. यातलं आज काय काढता येईल? लघवीची नळी ‘सोयीची आहे’ म्हणून ठेवलेली असेल, तर ती त्याच राऊंडला निघाली पाहिजे.

औषधांचा धडा मी जमिनीवर बसून द्यायची. नातेवाइकांना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी आणायला सांगायचं, वर्तमानपत्र पसरून ती उलटी करायची आणि इंटर्नला एकेक पाकीट हातात घेऊन ‘हे कशासाठी, कुणी दिलं, अजून लागतं का’ विचारायला लावायचं. तासगावच्या फॅमिली डॉक्टरांच्या बीपीच्या गोळ्या, सांगलीच्या हाडांच्या डॉक्टरांची दुखण्याची गोळी, मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक, झोपेसाठी अल्प्राझोलाम, साखर उतरवणारी जुनी गोळी ग्लिबेनक्लामाइड. जेवण तुटलेल्या, किडनी थकलेल्या आजींना ग्लिबेनक्लामाइड चालू राहिली तर साखर इतकी उतरते की त्या बेशुद्धच सापडतात. हे पुस्तकात एका ओळीत असतं. पिशवीतून निघालेलं पाकीट हातात धरून कळतं ते वेगळं.

माणसाला स्वतःला काय हवंय, हे विचारायला फार वेळ लागत नाही, फक्त ते त्यालाच विचारायला हवं. आपले ज्युनिअर पलंगाच्या अलीकडून पलीकडच्या मुलाशी बोलतात, आजोबा मधे ऐकत पडलेले. स्टूल ओढून बसायचं, नाव विचारायचं, ‘घरी गेल्यावर पहिलं काय करायचंय?’ एवढं विचारून थांबायचं. आणि ‘ए आजी, तोंड उघड’ हे तुमच्या वॉर्डात बंद व्हावं. आजी म्हणायला हरकत नाही, पण अहो-जाहो करून.

राऊंडमध्ये पहिला शब्द सिस्टरांचा आणि मावशींचा असू द्या. रात्री कोण झोपलं नाही, कुणी ताट तसंच परत दिलं, कुणाची लघवी झाली नाही, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. तुमच्या आजोबांची लघवी संध्याकाळपासून झाली नव्हती हे त्या रात्री वॉर्डात कुणाला तरी ठाऊक असणार. सांगायला जागा नव्हती. ती जागा फक्त तुम्हीच देऊ शकता, कारण मोठ्या डॉक्टरबाई थांबून ऐकतायत म्हटल्यावर छोटे आपोआप थांबतात.

हे सगळं रोज, चाळीस पेशंटना जमणार नाही. ओपीडीच्या दिवशी तर नाहीच. रोज सत्तरीपुढचे तीन पेशंट निवडा, त्यातला एक नव्यानं दाखल झालेला असू द्या, आणि तेवढ्यांपाशीच थांबा. बाकीचे तुमच्याशिवाय पोरं स्वतःच बघायला लागतात. पोस्टिंग संपताना परीक्षेला एक म्हातारा पेशंट ठेवा. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात मेडिसिनमध्ये वृद्धांचे आजार हा धडा आहेच, तेव्हा कुणी हरकत घ्यायचं कारण नाही. लॉगबुकवर सही करण्याआधी ‘याला उभं करून बीपी घेऊन दाखव’ म्हणा.

एक गोष्ट मात्र मी आग्रहानं सांगेन. प्रत्येक इंटर्ननं आपण घरी पाठवलेल्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या घरी आठवड्यानं फोन करावा. चालतात का, जेवतात का, कोणत्या गोळ्या घेतात. आपल्या ज्युनिअर डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डाच्या पुढचं काही दिसतच नाही. बंद केलेली गोळी घरी सुरूच आहे, कारण कार्डावर नवीन गोळ्या होत्या पण ‘ही बंद’ असं मराठीत कुणी लिहिलं नव्हतं, हे त्या फोनवरच कळतं. तुमच्या त्या रेसिडेंटला पहिला फोन त्या शेतकरी आजोबांच्या घरी करू दे. तुम्ही शेजारी बसा. ते अजून अंथरुणावरच असतील, तर घरी व्यायाम कोण घेईल, जवळ फिजिओथेरपिस्ट कुठं आहे, हे त्यानंच शोधून द्यावं. शिक्षा म्हणून नव्हे, तो त्यांचा डॉक्टर आहे म्हणून.

हे सदर वाचणाऱ्या इतर ज्युनिअर डॉक्टरांना: तुमच्या वॉर्डात हे कुणी विचारत नसेल, तरी रात्रीच्या कॉलला एक क्रम मनात धरा. औषध लिहिण्याआधी दिवा लावा, नातेवाइकाला जवळ बोलवा, चष्मा द्या, साखर आणि ऑक्सिजन बघा, पोटावर हात ठेवा, मागच्या चोवीस तासांचा औषधांचा कागद वाचा. एवढं करूनही माणूस स्वतःला इजा करून घेईल अशी वेळ असेल, तरच औषध, तेही वरिष्ठांना विचारून आणि अगदी कमी मात्रेत. आणि ताप नसलेला न्यूमोनिया, छातीत न दुखणारा हार्ट अटॅक म्हातारपणी नेहमीचा असतो. ‘तीन दिवस जेवले नाहीत, गप्पगप्प आहेत’ हीच तक्रार म्हणून लिहा. नातेवाइकांना एवढंच: ‘हे असे कधीच नव्हते, गेल्या आठवड्यात एकटे बाजारात गेले होते’ हे वाक्य पहिल्याच तासात डॉक्टरांना सांगा, आणि त्यांनी लिहून घेतल्याशिवाय जागचे हलू नका.

शिकवणं सोडायचं का, हे आत्ता ठरवू नका. ज्यांना त्रास होत नाही ते असं पत्र लिहीत नाहीत, आणि त्या पोरांना तुमच्यासारखीच माणसं हवीत. येणारी एक बॅच, तुमचा एक वॉर्ड आणि एवढेच प्रश्न घेऊन सहा महिने बघा. दमणूक तरीही तशीच राहिली, तर आठवड्यातले दोन राऊंड तुमच्या सीनिअर रेसिडेंटकडे द्या. हेच प्रश्न घेऊन राऊंड घ्यायला त्यालाही शिकावं लागेल.

राहिली कार्यशाळा. पाहुण्या तज्ज्ञांचं भाषण, जेवण आणि प्रमाणपत्र यांनी सोमवारचा राऊंड बदलणार नाही. पण पैसे मंजूर झालेत तर परत जाऊ देऊ नका. तज्ज्ञांना बोलवायचंच तर सभागृहात नको, वॉर्डात बोलवा आणि त्यांच्याकडून एक राऊंड करून घ्या, सिस्टर-मावशींसकट सगळ्यांसमोर. उरलेल्या पैशांतून दोन वॉकर, प्रत्येक कॉटच्या रांगेपुढे मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि दिनदर्शिका, संडासाच्या वाटेवर रात्रीचा दिवा, संडासात भिंतीला धरायला दांडा, आणि डॉक्टरांना बसायला चार स्टुलं घ्या.